हेला कोण?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, नंतर बोलू, हेला पॅसेज करायच्यात." मी विचारलं, ही हेला कोण गं? तू हसलीस. "सेल लाइन आहे, लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशी. पॅसेज म्हणजे त्या नव्या भांड्यात घालायच्या." आणि फोन ठेवलास. मी मात्र तिथेच अडकले. मग मिळेल ते वाचून काढलं.

हेन्रिएटा लॅक्स. तिच्याच नावावरून 'हेला'. 1951 साली बाल्टिमोरमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. तिला कुणी विचारलं नाही. ऑक्टोबरात ती गेली तेव्हा 31 वर्षांची होती, पाच मुलांची आई, धाकटं जेमतेम वर्षाचं. पेशी मात्र वाढत राहिल्या, पोलिओच्या लशीच्या चाचण्यांत कामी आल्या, जगभर पोचल्या. घरच्यांना कळलं ते वीसेक वर्षांनी, संशोधकांनी त्यांचंच रक्त मागितलं तेव्हा. मधल्या काळात तिचं नाव 'हेलन लेन' असं भलतंच छापलं जायचं.

बाबांचे शेवटचे दिवस आठवले. राउंडला डॉक्टर यायचे, मॉनिटर बघायचे, मग फाइल. "बेड सातचं क्रिएटिनिन वाढलंय." माणसं वाईट नव्हती, उपचारही योग्यच होते. डायलिसिस नसतं तर बाबा आधीच गेले असते, हे मी विसरलेले नाही. पण एका सकाळी सिस्टर त्यांच्या कोरड्या ओठांवर ओला कापूस फिरवत म्हणाली, "काका, गार लागतंय का?" बाबांनी डोळे उघडले. इतके दिवस सगळे त्यांच्याबद्दल मला विचारत होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मला ती चीनमधली बातमी जास्त टोचते. 2018 साली 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणाची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला आणल्या. त्याला 3 वर्षांची कैद झाली, ठीक. पण त्या मुलींनी काय करायचं? आजार होता म्हणून हे केलं असंही नाही. एचआयव्ही पुढे कधी होऊ नये म्हणून, आणि कोणतीच परवानगी न देता आलेल्या जिवांवर. मोठ्या झाल्यावर त्यांना हे कोण सांगणार, कोणत्या शब्दांत?

तुझ्या कामाचा मला अभिमान आहे, ते सोड असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त एक कर. तुझ्यासोबत त्या पेशी हाताळणाऱ्या बाकीच्या मुलांना हेन्रिएटा माहीत आहे का, ते विचार आणि मला कळव.

तुझी,
आई