प्लेअर नंतर बघा, आधी सॉफ्टवेअर बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत डीजे लोकांच्या प्लेअरची तुलना करणारा लेख आला तो वाचला आणि खरंच बरं वाटलं, कारण आमच्या धंद्याचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा डॉल्बी जप्त झाली म्हणून येतं, मशीन काय असतं, पोरं त्यावर काय शिकतात यावर कोण लिहीत नाही. आवाजाचे नियम पाळलेच पाहिजेत, रात्री १० ला बंद म्हणजे बंद, यात मला काही वाद घालायचा नाही. मला लिहायचंय ते त्या तुलनेवर.

लेखात सीडीजे-३००० आणि डेनॉनचा एससी६००० प्राईम शेजारी शेजारी ठेवून स्क्रीन केवढी, जॉग म्हणजे हातानं फिरवायची चकती केवढी, बटणं किती हे सगळं दिलंय. माहिती चांगली आहे. पण दोन्हीबरोबर जे सॉफ्टवेअर येतं, म्हणजे सीडीजेचं रेकॉर्डबॉक्स आणि डेनॉनचं इंजिन डीजे, त्याला शेवटी दोन ओळी दिल्यात. माझं म्हणणं असं की आपल्या सांगली-मिरज-तासगाव आणि तिकडं कराड-सातारा पट्ट्यात ही तुलना बरोबर उलटी करायला पाहिजे, आधी सॉफ्टवेअर आणि मग मशीन. कारण इथं ज्याचं मशीन तो वाजवत नाही आणि जो वाजवतो त्याचं मशीन नसतं. सेटअपचा मालक वेगळा, जनरेटरवाला वेगळा, आणि ऑपरेटर पोरगा आपला पेनड्राईव्ह खिशात टाकून येतो, आज विट्याची हळद, उद्या मिरजेत वरात, परवा कराडला कुणाचं तरी रिसेप्शन. गवंडी कुणाच्याही बांधकामावर गेला तरी थापी स्वतःची नेतो तसा ऑपरेटरचा पेनड्राईव्ह असतो, आणि तो तयार होतो घरी, कॉम्प्युटरवर, त्या सॉफ्टवेअरमध्ये. तो नीट नसला तर समोर कितीही भारी प्लेअर ठेवा, काही उपयोग नाही.

मशीनचं थोडक्यात सांगतो. सीडीजे-३००० आला २०२० ला, पायोनियर डीजेचा, त्याच वर्षी कंपनीचं नाव अल्फाथीटा झालं, सीडीचा ड्राईव्हच काढून टाकला, ९ इंची टच स्क्रीन आणि खाली ८ हॉट क्यू, म्हणजे गाण्यात खूण केलेल्या जागी लगेच उडी मारायची बटणं. लॅन केबलनं असे ६ पर्यंत प्लेअर जोडता येतात आणि एकाच पेनड्राईव्हवरची गाणी सगळ्यांवर घेता येतात. एससी६००० पण २०२० चाच, स्क्रीन १०.१ इंच, खाली हार्ड डिस्क बसवायला जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच प्लेअरवर दोन गाणी वेगवेगळी वाजवता येतात, दोन्हीची आऊटपुट वेगळी. म्हणजे एक प्लेअर आणि एक मिक्सर घेतला तरी मिक्सिंग होतं. ज्याचं बजेट कमी आहे त्याला ही गोष्ट कोणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे होती. पण त्याची दुसरी बाजू पण आहे, तो एक प्लेअर बंद पडला की दोन्ही डेक (गाणी वाजवायच्या बाजू) गेले, आणि मिरवणुकीत धूळ, पाऊस, गुलाल, जनरेटरचे झटके हे सगळं असतंच, त्यामुळं मी तरी एका मशीनवर पूर्ण भरवसा ठेवा असं कुणाला सांगणार नाही.

आता सॉफ्टवेअर. रेकॉर्डबॉक्समध्ये गाणी घेतली की ते बीपीएम म्हणजे मिनिटाला ठोके किती ते काढतं, ठोक्याच्या रेघा म्हणजे ग्रिड मारतं, स्केल काढतं, मग तुम्ही क्यू म्हणजे गाण्यातल्या जागांच्या खुणा लावायच्या, प्लेलिस्ट करायच्या आणि पेनड्राईव्हवर एक्सपोर्ट करायचं. इंजिन डीजेचं काम तसंच आहे, आणि डेनॉनचा प्लेअर स्वतः पण गाण्याचं ॲनॅलिसिस करतो, म्हणजे बीपीएम, ग्रिड काढतो. कोणीतरी ऐन वेळेला "हे गाणं लाव" म्हणून पेनड्राईव्ह हातात दिला (आपल्याकडं नवऱ्याचा मित्र देतोच देतो) तर त्यावर ते लगेच तयार होतं. शिवाय इंजिन डीजे रेकॉर्डबॉक्सची आणि सेराटो नावाच्या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरची लायब्ररी म्हणजे गाण्यांची सगळी मांडणी आत घेतं, आणि रेकॉर्डबॉक्समधून काढलेला पेनड्राईव्ह डेनॉनच्या प्लेअरला वाचता पण येतो. उलट बाजूला तसं नाही, इंजिनसाठी केलेला पेनड्राईव्ह सीडीजेला लावला तर गाणी नुसती फोल्डरमध्ये दिसतात, वाजतात, पण तुमचे क्यू नाहीत आणि प्लेलिस्ट नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर वाजवणाऱ्यानं रेकॉर्डबॉक्स शिकावंच असं माझं स्पष्ट मत आहे, डेनॉन कितीही आवडला तरी. आणि ज्याचा स्वतःचा सेटअप आहे, जो दुसरीकडं कुठं जात नाही, त्यानं इंजिन घ्यावं, त्याला तेच सोयीचं आणि पैशाला परवडणारं पडेल. हा एवढा फरक लेखात असता तर आपल्याकडच्या कितीतरी पोरांचं भलं झालं असतं.

आणि नुसतं रेकॉर्डबॉक्स म्हणून पण भागत नाही, समोर कुठला मॉडेल आहे ते माहीत पाहिजे. मध्यंतरी मिरजेत एका लग्नात असं झालं की सेटअपवाल्यानं फोनवर "मोठे प्लेअर आहेत, या तुम्ही" एवढंच सांगितलेलं, माझ्याबरोबरचा पोरगा पहिल्यांदाच एकटा वाजवणार होता, तिथं गेल्यावर बघतो तर सीडीजे-२००० नेक्सस, म्हणजे २०१२ चं मॉडेल. पोराचा पेनड्राईव्ह ६४ जीबीचा, नवीन घेतलेला, जसा पाकिटातनं निघाला तसा एक्सफॅटमध्ये, म्हणजे पेनड्राईव्हच्या त्या फॉरमॅटमध्ये. प्लेअर तो वाचेचना. लॅपटॉपवरनं दुसऱ्या छोट्या पेनड्राईव्हवर गाणी टाकली तर निम्मी गाणी फ्लॅक नावाच्या फाईल प्रकारात होती, आणि नेक्सस फ्लॅक वाजवत नाही, ते पुढच्या नेक्सस टू पासून, २०१६ ला आलं. घोडा दारात उभा, बायका नाचायला तयार, आणि शेवटी मोबाईलला वायर लावून वरात काढली. त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं. त्यानं घरी रात्र रात्र बसून क्यू लावलेले, त्याची काय चूक होती सांगा, मॉडेलचं नाव कोणी सांगितलं असतं तर एका तासाचं काम होतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो ते इथं पण लिहितो. पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्येच ठेवायचा, तो जुन्या नव्या सगळ्या प्लेअरला चालतो. विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट ३२ जीबीच्या वर फॅट३२ दाखवत नाही, त्याला वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर सरळ ३२ जीबीचा घ्या, एका सुपारीला लई झाला. गाणी ३२० केबीपीएसच्या म्हणजे चांगल्या क्वालिटीच्या एमपीथ्री मध्ये, आणि ती पण खरी ३२० ची, व्हिडिओवरनं ओढलेलं गाणं परत ३२० मध्ये सेव्ह केलं म्हणून चांगलं होत नाही, छोट्या स्पीकरवर कळत नाही पण टॉप म्हणजे मोठे स्पीकर लावले की गायकाचा आवाज पत्र्यासारखा येतो आणि मग आवाज वाढवायचा मोह होतो, लोकांना त्रास होतो तो इथनं पण सुरू होतो. एकसारखे दोन पेनड्राईव्ह पाहिजेतच. आणि काढताना यूएसबी स्टॉपचं बटण दाबून, लाईट विझल्यावरच काढायचा, कारण जनरेटर मध्येच गेला किंवा कोणी हिसका मारून काढला तर त्यावरची लायब्ररी बिघडू शकते. गाणं चालू असताना पेनड्राईव्ह निघाला तर सीडीजे थोडा तुकडा लूपमध्ये फिरवत राहतो, तेवढ्या वेळात दुसऱ्या डेकवर गाणं घ्यायचं असतं, हे पोरांना माहीतच नसतं.

२०२३ च्या ओपस-क्वाड या मशीनपासून अल्फाथीटानं पेनड्राईव्हवरची लायब्ररी लिहायची पद्धतच बदलली, जुन्या पद्धतीचा पेनड्राईव्ह असेल तर रेकॉर्डबॉक्समध्ये घालून तो नव्या पद्धतीत करून घ्यावा लागतो. आपल्याकडं अशी मशीन आता हॉलमध्ये यायला लागलीत, त्यामुळं हे पण लक्षात ठेवा.

आता आपल्या मातीतल्या गाण्यांचं, आणि यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण इंग्रजीतल्या कुठल्याच तुलनेत हे सापडत नाही. ही सगळी सॉफ्टवेअर मुळात मशीनवर बनवलेल्या गाण्यांसाठी आहेत, ज्यात ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच अंतरावर पडतो. आपली हलगी-घुमकं तशी नाही. हलगीवाला सुरुवातीला सावकाश धरतो, घुमकं आत आलं की चढवतो, मग लेझीम बघून अजून चढवतो, शेवटाला तर कुठल्या कुठं गेलेला असतो. धनगरी ढोलाचं पण तसंच, जुन्या लोकगीतांचं पण तसंच. असं रेकॉर्डिंग रेकॉर्डबॉक्सच्या नॉर्मल मोडमध्ये टाकलं की ते एकच बीपीएम धरून सारख्या अंतरावर रेघा मारून मोकळं होतं. सुरुवातीला बघितलं तर रेघ बरोबर ठोक्यावर, पोरगं खूश, पण पुढं सरकवत नेलं की मिनिटभरात रेघ ठोक्याच्या मागं पडायला लागते आणि शेवटी तर दोन ठोक्यांच्या मधोमध येते. त्यावर सिंकचं म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवायचं बटण दाबून दुसरं गाणं आत घेतलं की दोन्ही ठोके एकमेकांवर आदळतात, आणि नाचणारी माणसं थांबतात, त्यांना कारण कळत नाही पण पाय थांबतात. उपाय साधा आहे. ॲनॅलिसिसच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक मोड आहे, अशा गाण्यांना तो लावायचा, मग ते चढत्या लयीप्रमाणं रेघा मारायचा प्रयत्न करतं, आणि तरीही ग्रिड तपासायचं ते गाण्याच्या सुरुवातीला नाही तर शेवटाला जाऊन. बीपीएम पण बघा, आपल्या संथ गाण्यांना सॉफ्टवेअर कधीकधी दुप्पट आकडा देतं, ७५ चं १५० होतं, ते आधीच निम्मं करून ठेवायचं. आणि एवढं करून नाही जमलं तर सिंक बंद करून कानानं वाजवायचं, पिचचा फेडर (गाण्याचा वेग कमीजास्त करायचा) त्यासाठीच दिलाय. ज्याला हलगी कानानं जुळवता येते त्याला कुठल्याही प्लेअरची भीती नाही.

नावांचं पण असंच. मी गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरात आणि एकाच स्पेलिंगनं ठेवतो, कारण एका फाईलला एच ए एल जी आय आणि दुसरीला मध्ये अजून एक ए, मग गर्दीत शोधताना निम्मी गाणी सापडतच नाहीत. रेकॉर्डबॉक्समध्ये माय टॅग म्हणून सोय आहे, त्यात हळद, वरात, मिरवणूक असे टॅग लावून ठेवले की डोकं शांत राहतं.

क्रॅकबद्दल, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायलाच पाहिजे. आपल्याकडं "फुल व्हर्जन टाकून देतो" म्हणून पैसे घेणारे बसलेत आणि पोरं त्यांच्याकडनं सॉफ्टवेअर टाकून घेतात. अहो, पेनड्राईव्ह तयार करायला रेकॉर्डबॉक्सचा फ्री प्लॅन पुरतो, त्या कामाला इंजिन डीजे पण फुकटच आहे, कंपनीच्या साईटवरनं घ्यायचं. जे फुकट मिळतंय त्यासाठी क्रॅकवाल्याला पैसे देऊन वर लॅपटॉपमध्ये व्हायरस कशाला घ्यायचा? पैसे लागतात ते लॅपटॉपवरनं थेट वाजवायच्या काही सोयींना, क्लाऊडला वगैरे. व्हर्च्युअल डीजे या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरवर धंदा करत असाल तर त्याचं लायसन्स घ्या, आपण सुपारीचे पैसे घेतो ना मग त्यांचे पण द्यायला पाहिजेत. आणि एक, सुपारीच्या आदल्या दिवशी कुठलंही अपडेट मारू नका, ना सॉफ्टवेअरचं ना प्लेअरचं.

ज्यांना कर्ज काढून सीडीजेची जोडी घ्यायची आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, एकेक प्लेअर लाखांच्या घरात आहे, सोसायटीचं कर्ज उचलायच्या आधी सहा महिने घरात बसून रेकॉर्डबॉक्सवर काम करा, लॅपटॉपला जोडायच्या छोट्या कंट्रोलरवर हात बसवा. सेकंडहँड घेणार असाल तर दुकानात स्वतःचा पेनड्राईव्ह घेऊन जा, दोन्ही प्लेअर केबलनं जोडून एकाच पेनड्राईव्हवरनं दोन्हीकडं गाणी वाजतात का बघा, प्ले आणि क्यूची बटणं दाबून दाबून बघा, फर्मवेअर म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर कुठलं आहे ते स्क्रीनवर बघा, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठं न्यायचा हे विकणाऱ्याकडनं लिहून घ्या.

संपादक साहेब, आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक म्हणजे गणपतीच्या आधी, जेव्हा सगळी पोरं गाणी भरायला बसतात तेव्हा, पुरवणीत एक अख्खं पान या सॉफ्टवेअरच्या कामावर द्या, मराठीत, स्क्रीनच्या फोटोसकट, लिहून द्यायला मी आणि इथले दोन-तीन जाणते ऑपरेटर तयार आहोत, मानधन नको. दुसरी विनंती आपल्या पेपरातनं सगळ्या सेटअप मालकांना आणि मंडळांना, की बुकिंगच्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि ॲडव्हान्सच्या खाली प्लेअरच्या मॉडेलचं पूर्ण नाव आणि फर्मवेअरचा नंबर लिहायला सुरुवात करा, आणि ऑपरेटरला निदान दोन दिवस आधी कळवा.

आपला,
एक साऊंड ऑपरेटर
विश्रामबाग, सांगली