सर, सगळ्यांना एका टेबलावर बसवलंत त्यासाठी थँक्यू

नमस्कार सर,

हे तुम्हाला एकट्यालाही लिहिता आलं असतं, पण सेपरेशनवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्यावर, काम करणाऱ्या बाकीच्या पोरापोरींनाही कळायला हवं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा पीएचडीचा विषय म्हणजे इथेनॉलमधलं (म्हणजे अल्कोहोलमधलं) पाणी काढणारं मेम्ब्रेन, पाणी आरपार जाऊ देणारा पातळ पडदा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत अल्कोहोल डिस्टिलेशनच्या उंच कॉलममध्ये कितीही वर चढवलं तरी वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर अडकतं, कारण तिथे वाफेत आणि द्रवात पाण्याचं प्रमाण एकसारखंच होतं. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९.५ च्या आसपास पाहिजे. शेवटचं हे एवढंसं पाणी काढताना किती स्टीम जाते ते कारखानेवाल्यांना विचारा!

आणि आमची गंमत अशी की डिस्टिलेशनवाले त्यांच्या ग्रुपमध्ये, अ‍ॅडसॉर्प्शनवाले (सच्छिद्र मण्यांत पाणी पकडणारे) त्यांच्या, आम्ही मेम्ब्रेनवाले आमच्या, कॉन्फरन्सलासुद्धा वेगवेगळ्या हॉलमध्ये. तुम्ही रिटायर झाल्यावर फोन करकरून आम्हाला एकत्र बसवलंत, वर एका डिस्टिलरीच्या शिफ्ट इनचार्ज दादांनाही बोलावलंत आणि सगळ्यात आधी त्यांनाच बोलायला सांगितलंत. सर, हे फार कमी लोक करतात.

दादांनी मॉलिक्युलर सिव्हचे मणी एका बरणीतून आणले होते. एका कागदावर गोल, चांगले मणी आणि शेजारी बेडच्या (मण्यांच्या भरलेल्या थराच्या) तळातून निघालेला चुरा. या मण्यांची भोकं साधारण ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे रेणूच्याच मापाची, त्यात पाणी शिरतं आणि इथेनॉल बाहेर राहतं, हे आम्ही सगळे शिकलोय, पण वाफ नीट सुपरहीट झाली नाही (पुरेशी जास्त तापली नाही) आणि थेंब आत आले तर मण्यांचं काय होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बोटांनी चोळून बघितलं. मग ते म्हणाले की बेड परत कोरडा करायला व्हॅक्यूम लावून तयार अल्कोहोलचीच थोडी वाफ सोडावी लागते, आणि ते पाणीवालं अल्कोहोल पुन्हा कॉलमला जातं, म्हणजे त्याच्यावर परत स्टीम.

इथे माझी ट्यूब पेटली. मेम्ब्रेनने सिव्हचं सगळं काम करायची गरजच नाही, ते या परतीच्या लाईनवर लावायचं, कारण पाणी जास्त असतं तिथे मेम्ब्रेनमधून ते भराभर जातं आणि शेवटच्या अर्ध्या टक्क्याला रडतखडत. अ‍ॅडसॉर्प्शनवाल्या मुलाने तिथेच कागदावर आकडेमोड सुरू केली, कॉलमवाल्या मॅडम म्हणाल्या लोड नक्की कमी होईल, आणि तुम्ही लगेच विचारलंत, एवढ्या पाण्यात तुझ्या मेम्ब्रेनचं पॉलिमर, पीव्हीए, फुगणार नाही का? फुगतं ना सर, म्हणून तर आता क्रॉसलिंकिंग (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणं) वाढवून बघतेय, आणि शुद्ध अल्कोहोलऐवजी दादांनी पाठवलेल्या सॅम्पलवर, ज्यात फ्युजेल ऑइल (जड अल्कोहोलांचं मिश्रण), अ‍ॅसिड सगळं असतं.

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघींना एमओएफसाठी (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी) मिळालं तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो. पण मला मनापासून वाटतं, असं मटेरियल लॅबमधून बेडपर्यंत पोचायला तुमच्यासारखा फोन करणारा माणूस लागतोच.

सर, पहिले रीडिंग्ज तुम्हाला मेल केलेत. पुढची बैठक गाळप सुरू झाल्यावर डिस्टिलरीतच घेऊ, दादांनी होकार दिलाय, तारीख तेवढी तुम्ही सांगा. खूप खूप आभार.

तुमची,
मेम्ब्रेनवाली