व्हिडिओ मुले घरी पाहतील, पण वर्गात शिक्षक कुठून आणायचे?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवते. हल्ली प्रत्येक कार्यशाळेत 'फ्लिप्ड क्लासरूम'चा जप चालतो. मुलांनी आदल्या रात्री व्याख्यानाचा व्हिडिओ पाहायचा आणि वर्गातला तास रुग्णाचे प्रश्न सोडवण्यात घालवायचा. पद्धत मला मनापासून पटते. मात्र ती राबवायची म्हणजे व्हिडिओ काढून अपलोड करायचे, असा सोयीचा अर्थ लावला जातो आहे, म्हणून हे पत्र.

ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे एका प्रकारच्या कीटकनाशकांच्या, विषबाधेचेच बघा. हा विषय आपल्या राज्याला नवा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. व्याख्यानात मी विष शरीरात कुठे काम करते ते रिसेप्टर, त्यावरची ॲट्रोपीन आणि प्रालिडॉक्झिम ही औषधे, सगळे तासाभरात सांगून मोकळी होते आणि मुले उतरवून घेतात. तोच भाग त्यांनी आधी पाहून आल्यावर मी एवढेच विचारते : फवारणीहून आणलेला मजूर आहे, तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. ॲट्रोपीन दिलेत, पाच मिनिटांनी घरघर तशीच आहे, आता काय? डोस दुप्पट करायचा, हे काहींना सुचते. मग थांबायचे कधी? 'बाहुल्या मोठ्या झाल्या की,' असे हमखास कुणीतरी म्हणते. लक्ष ठेवायचे असते छाती मोकळी होण्याकडे, नाडी आणि रक्तदाबाकडे. इथे वाद होतो, मुले एकमेकांना खोडून काढतात, आणि रात्री कॅज्युअल्टीत एकटे असताना उपयोगी पडेल असे काही हाती लागते.

पण हे वीस-पंचवीस मुलांच्या गटात जमते. दोनशेच्या बॅचला आठ गट, म्हणजे एकाच वेळी आठ शिक्षक, आठ खोल्या. विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे मी आपल्याला सांगायला नको. महाविद्यालयाच्या तपासणीच्या तोंडावर, पदे भरलेली दिसावीत म्हणून होणाऱ्या शिक्षकांच्या तात्पुरत्या बदल्यांबद्दलही नको.

संशोधन काय म्हणते? आरोग्यशिक्षणातल्या २८ तुलनात्मक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. कौल फ्लिप्ड क्लासरूमच्या बाजूने आहे. फरक डोळे दिपवणारा नाही, पण आहे. तासाच्या सुरुवातीला छोटी चाचणी घेतली की तो वाढतो. साहजिकच आहे, चाचणी नसेल तर व्हिडिओ कोण पाहून येणार! आणि आपल्याकडे नियम तरी कुठे आड येतो? २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित (डॉक्टरला प्रत्यक्ष काय करता यावे यावर बेतलेल्या) अभ्यासक्रमात व्याख्याने एकूण वेळापत्रकाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. कागदावर 'लघुगट अध्यापन' लिहायचे आणि प्रत्यक्षात सगळी बॅच लेक्चर हॉलमध्ये बसवायची, हा आता रिवाज होऊन बसला आहे.

दरम्यान मुलांनी आपापल्या परीने अर्धे काम उरकले आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीची खासगी ॲप्स पैसे मोजून घेतात, हजेरीपुरती मागच्या बाकावर बसतात आणि खोलीवर जाऊन तेच पाठ ऐकतात. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याच्या घरून हे पैसे येत नाहीत, त्याने काय करायचे? मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तर थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येणारा पाठ वरदानच आहे. राज्यातल्या उत्तम शिक्षकांकडून असे पाठ एकदाच नीट तयार करून घ्या, अवघड जागी मराठीतून समजावणारे, आणि सगळ्या महाविद्यालयांना मोफत द्या. प्रत्येक विभागाने मोबाईलवर आपापले व्हिडिओ काढत बसण्यात काही अर्थ नाही.

चांगले व्याख्यान मोडीत काढा असे मी म्हणत नाही. विषयाची ओळख करून द्यायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही.

अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, हे मला माहीत आहे. पदे आणि इमारती मात्र आपल्या हातात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, वाशीम, हिंगोलीसह दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, बहुतेक शंभर जागांची. तिथे बॅच लहान आहे आणि जुन्या सवयीही नाहीत. तिथल्या दोन विषयांपासून सुरुवात करा, त्या विभागांतली सगळी पदे आधी भरा, शंभर मुलांसाठी चार छोट्या खोल्या द्या, आणि पाठाच्या तयारीचे तास शिक्षकाच्या कामात मोजा.

शिवाय आपण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्र-कुलपती आहात. लेखी परीक्षेत पाठांतरावर निभावणाऱ्या टिपांऐवजी रुग्णाच्या प्रसंगावरचे प्रश्न वाढावेत, असा आग्रह आपण विद्यापीठाकडे धरू शकता. तेवढे झाले तर मुले वर्गात वाद घालायला आपणहून येतील; हजेरीसाठी मला यादी वाचावी लागणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
फार्माकॉलॉजीची एक शिक्षिका