पाय रात्री दुखतात, पण पाहायचं सकाळीही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्रात वडोदऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास येते : पोर रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठतं. घरचे म्हणतात, ‘गरब्यात नाचलंय’ किंवा ‘वाढतंय, दुखणारच’. बहुतेकदा ते खरंही असतं. पण मूल नीट पाहिल्याशिवाय असं म्हणून मोकळं होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

वाढीचं दुखणं साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांना होतं. मांडीचा पुढचा भाग, नडगी, पोटऱ्या, गुडघ्यामागची लवण दुखते, आणि दोन्ही पायांत. संध्याकाळी किंवा झोपेत सुरू होतं, सकाळी मागमूस नसतो. मधे कित्येक दिवस काहीच नाही. उंचीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही; उंची सर्वात झपाट्याने वाढते ती पहिल्या वर्षी आणि वयात येताना, हे दुखणं मधल्या वयातलं. उड्या-धावपळ जास्त झाली की त्या रात्री वाढतं, तेवढा गरब्याचा हात असतो.

रात्री मूल उठलं की दिवा लावा आणि ‘कुठे दुखतं ते दाखव’ म्हणा. वाढीच्या दुखण्यात मूल पायावरून तळहात फिरवून मोघम दाखवतं. रोज त्याच एका जागी बोट ठेवत असेल किंवा सतत एकच पाय दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. मग पाय चेपा. या दुखण्यात मूल ‘अजून चेप’ म्हणतं. हातच लावू देत नसेल तर सांधा किंवा हाड दुखत असण्याची शंका घ्या. दोन्ही गुडघे, घोटे शेजारी ठेवून सूज, लाली, गरमपणा पाहा.

सकाळी उठल्याबरोबरची पहिली पावलं बघा. ही तपासणी घरोघर राहून जाते. चवड्यांवर चालायला लावा, टाचांवर चालायला लावा, उकिडवं बसून आधाराशिवाय उठायला सांगा, एका पायावर उड्या मारू द्या. मूल लंगडलं, किंवा आखडलेलं असून तासाभराने मोकळं झालं, तर ते वाढीचं दुखणं नव्हे. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासून घ्यावा. खुब्याच्या आजाराची कळ पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते, आणि गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला म्हणून घरचे निश्चिंत होतात.

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एक सांधा सुजला, तो उतरला आणि दुसरा धरला, तर संधिवाताच्या तापाची शंका घ्यावी. त्यात हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. पाय दुखण्यासोबत ताप, फिकेपणा, वजन घटणं, न लागता उठलेले निळे डाग यांपैकी काही असेल, तर रक्ततपासणी लगेच, त्याच दिवशी. घराण्याची मुळं छोटाउदेपूर, नंदुरबार किंवा विदर्भाकडची असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणीही करून घ्यावी.

यातलं काहीच नसेल तर उपचार सोपा. कोमट तेलाने दहा मिनिटं चोळा, नाहीतर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेका, मात्र मूल झोपण्याआधी ती काढून घ्या. झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्या हलके ताणायचे व्यायाम रोज करवून घ्या. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम पुरे. सिरपच्या बाटलीवरचा आकडा आधी वाचा : ५ मिलिलिटरमध्ये कुठे १२०, कुठे २५० मिलिग्रॅम असतं, त्यामुळे बाटली बदलली आणि चमचे तेच राहिले तर डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन देऊ नये.

कॅल्शियमचं औषध मनाने सुरू करू नका. कमतरता असेल तरच त्याचा उपयोग. आणि पायाला ओढणी घट्ट बांधून मुलाला झोपवायची सवय सोडा. त्याने रक्तप्रवाह अडतो, आणि सूज आलीच तर ती ओढणीखाली झाकलेली राहते.

एक बालरोगतज्ज्ञ,
दांडिया बाजार, वडोदरा