भुवईत अश्लील काय दिसले?

मा. संपादक,
स. न.

समाजमाध्यमांवरचे 'अंगविक्षेप' आता यंत्रच पकडून काढून टाकते, याबद्दल आपल्या कालच्या अग्रलेखात समाधान व्यक्त झाले आहे. ते आपल्याला लखलाभ असो. आमच्याकडे ते यंत्र येऊन गेले आहे.

मी लावणी शिकवते, बैठकीची. अग्रलेखकाला बहुधा फडावरचीच माहीत असावी, म्हणून सांगते की या लावणीत बाई उठत नाही. बसल्या जागी गाते आणि एकाच ओळीचा अर्थ दर वेळी निराळा करून दाखवते. डोळ्यांनी, भुवईने, फार तर पदराच्या टोकाने. याच अदाकारीबद्दल सरकारने यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री दिली.

माझ्या एका शिष्येने घरी सतरंजीवर बसून केलेली अशी एक अदा एका अ‍ॅपवर टाकली. अंगावर नऊवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून. उघडे होते ते तोंड आणि हात. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब! कारण काय, तर 'लैंगिक सूचकता'. अपील केले, तर 'आम्ही पुन्हा तपासले' असे उत्तर चहाला उकळी यायच्या आत हजर. अख्खी लावणी ऐकायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो हो.

खरे सांगायचे तर आधी मला अभिमानच वाटला. नुसत्या भुवईतून शृंगार पोचवायला आमच्या गुरुबाईंनी आम्हाला वर्षानुवर्षे रगडले. यंत्राला तो पोचला म्हणायचा!

पण पुढचे ऐका. हीच शिष्या एका जत्रेत फडावर नाचली, ते कुणीतरी स्टेजखालून मोबाइलवर काढले. त्यात चेहरा जवळजवळ नाहीच. कंबर आणि पोटऱ्या, त्याही गती हळू करून. खालच्या कमेंट आपल्याला छापता यायच्या नाहीत. आम्ही रीतसर तक्रार केली, तर 'नियमांचे उल्लंघन आढळले नाही'. तो व्हिडिओ आजही तिथेच आहे. म्हणजे बाईने आपणहून दाखवलेला चेहरा अश्लील आणि तिची चोरून टिपलेली कंबर सभ्य. अग्रलेखात याबद्दल ओळ शोधली, सापडली नाही.

हे फक्त लावणीवालीच्या नशिबी आहे असेही नाही. पोल डान्स करणाऱ्या बायकांचे हॅशटॅग असेच दडपले गेले. त्यांनी जगभरातून आरडाओरडा केला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने माफी मागितली. ब्राझीलमध्ये स्तनाच्या कर्करोगाची लक्षणे दाखवणारी पोस्ट यंत्राने उडवली. ते चुकीचे होते, असे फेसबुकच्याच देखरेख मंडळाला जानेवारी २०२१ मध्ये सांगावे लागले.

स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मुंबई राज्याच्या खेर सरकारने तमाशावर बंदी घातली, मग संहिता तपासून घेण्याची अट आली. जाच होताच तो. पण निदान साहेबाच्या टेबलासमोर उभे राहून भांडता तरी येत होते. इथे भांडायचे कुणाशी? २००५ च्या डान्सबार बंदीत तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. बंदी काय ती बाकीच्यांना. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो भेद अमान्य केला. अ‍ॅपवर मात्र अजून तोच कारभार. सिनेमातली आयटम साँग्ज खुशाल चालू आहेत.

आणि आपल्याबद्दलही थोडे. हा अग्रलेख मी आपल्या संकेतस्थळावर वाचला. त्याच्या शेजारीच समुद्रकिनाऱ्यावरच्या एका नटीचे फोटो होते, 'पाहून चाहते घायाळ' या मथळ्याखाली, एकेक करत पुढे ढकलून बघायचे. ते अंगविक्षेपात मोडत नसावेत. नटी तर स्वस्थ उभी होती.

माझ्या शिष्येचे खाते अजून कुणाला सुचवले जात नाही. यात्रांच्या सुपाऱ्या हल्ली याच खात्यावरून येतात. यंदा चैत्र तोंडावर आला तरी एकही नाही. अग्रलेखकाला सवड असेल तर त्यांनी हिशेब करून बघावा.

जाता जाता, माझ्या मागच्या पत्राचा शेवट आपण कापला होता. हे कापायचे असेल तर छापूच नका.

— एक लावणी शिक्षिका, बार्शी
(नाव छापू नये. शिकायला येणाऱ्या काही जणींच्या सासरी माहीत नाही.)