आधी हातांना बोलू दे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. ‘सगळं ठीक चाललंय, पण मला नेमकं काय हवंय तेच उमगत नाही’ हे तुझं वाक्य मनातून जात नाहीये. सल्ला देत नाही. मी सध्या कशात रमलोय ते फक्त सांगतो.

इकडे आम्ही काहीजण सुट्टीच्या दिवशी जमतो आणि लेगोच्या ठोकळ्यांनी आपापलं मन बांधून बघतो. सगळी मोठी माणसं! पद्धतीचं नाव ‘लेगो सीरियस प्ले’. १९९०च्या दशकात लेगोचे मालक केल्ड कर्क क्रिस्टियानसेन यांना आपल्याच कंपनीतल्या बैठकांतून नवं काही निघेना. मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आयएमडी या व्यवस्थापन-शिक्षण संस्थेतले प्राध्यापक योहान रूस आणि बार्ट व्हिक्टर यांच्या साथीने ठोकळेच बैठकीच्या टेबलावर आले. पुढे लेगोतल्याच रॉबर्ट रासमुसेन यांनी या पद्धतीला शिस्तशीर रूप दिलं. २०१० पासून ती सर्वांना खुली आहे. मुळाशी शिक्षणतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट यांचा विचार आहे: हातांनी काही घडवताना माणूस खोलवर शिकतो.

पहिल्यांदा बदक करायचं. मोजके ठोकळे, थोडासा वेळ. टेबलावर एकासारखं दुसरं बदक नसतं, आणि नवलही नाही. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात! आपलं बदक चुकलं की काय, ही धास्ती तिथेच जाते.

मग खरा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, ‘सध्याचा मी’. आधी ठरवून बांधायचं नाही, हात चालू ठेवायचे. बांधून झालं की ज्याचं त्याने सांगायचं. इतरांनी विचारायचं ते फक्त समोरच्या वस्तूबद्दल. ‘हे दार बंद का?’ चालेल, ‘तू असा का?’ अजिबात नाही. आणि अर्थ लावायचा हक्क बांधणाऱ्याचाच. मला हा नियम सगळ्यांत मोलाचा वाटतो. कुणी आपल्याला तपासत नसतं, त्यामुळे एरवी घशात अडकणारी गोष्ट सहज बाहेर येते.

माझ्या हातून एक घर झालं. दोन खिडक्या, लाल छप्पर, आणि खाली चार चाकं. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘चाकं कशासाठी?’ मी म्हणालो, ‘कधीही निघता यावं म्हणून.’ ताई, हे मी मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून मी पाहुण्यासारखाच वावरत होतो. त्या संध्याकाळी खोलीत येऊन पुस्तकांची बांधलेली खोकी उघडली आणि फळीवर लावली. निर्णय एवढासाच, पण माझा होता.

एक लक्षात आलंय: जे मॉडेल दिसायला फार देखणं होतं, ते बहुधा कमी बोलतं. ओबडधोबड झालं तरी होऊ दे. हा उपचार नव्हे, हेही सांगून ठेवतो. मन फारच जड झालं तर समुपदेशकाकडेच जायला हवं.

तुला करून बघायचं असेल तर छोटीचा ठोकळ्यांचा डबा पुरे. ठोकळे कमी पडले तर बटणं, काड्या, माती, काहीही चालेल. आधी ‘आत्ताची मी’ बांध. ती न मोडता शेजारी ‘वर्षभरानंतरची मी’ बांध. मग दोन्हींकडे बघून ठरव, पहिल्या मॉडेलमधला कुठला एक ठोकळा आज हलवता येईल. भाऊजींना समोर बसव, पण प्रश्नच विचारायचे म्हणावं. अर्थ सांगायला लागले की थांबव. दोन्हींचे फोटो पाठव, मीही विचारीन.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, छोटीला खूप खूप लाड.

तुझा,
धाकटा