कांजण्यांनंतरचे जांभळे डाग

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

थंडी सरून ऊन चढू लागलं की कांजण्यांच्या बातम्या आपल्या अंकात येतात. पाला, पथ्य, शाळेची रजा, सगळं त्यात असतं. एक गोष्ट मात्र वाचल्याचं आठवत नाही. ती फार क्वचित घडते, म्हणून राहत असावी. पण घडली तर लेकराचा पाय जाऊ शकतो.

फोडांनी खपल्या धरल्या, कडुलिंबाचं पाणी डोक्यावरून घातलं की आपल्याकडे आजार संपला असं धरतात. नेमक्या त्याच सुमाराला, पुरळ उठल्यापासून आठवड्या-दहा दिवसांनी, एखाद्या मुलाच्या मांडीवर, पोटरीवर जांभळे डाग उठतात. ते दुखतात, काही तासांत पसरतात, काळे पडतात. डॉक्टर याला ‘परप्युरा फुलमिनन्स’ म्हणतात. रक्त नको तिथं गोठू नये म्हणून आपल्या रक्तात प्रोटीन एस नावाचं प्रथिन असतं. कांजण्यांनंतर शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं कधीतरी त्याच्यावरच उलटतात. मग कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि वरची कातडी मरते. गोठवणारे घटक त्यातच खर्ची पडल्यानं दुसरीकडून रक्तस्रावही सुरू होतो.

उपचार आहेत. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देतात, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पेशींवाचूनचा द्रव चढवतात. मी रक्तपेढीत नोकरी केली आहे. प्लाझ्माची गोठवलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायला अर्धा तास पुरतो. उशीर होतो तो घरातून निघायला. ‘उष्णता बाहेर पडतेय’, ‘अंगारा लावा’, ‘पाच दिवस बाहेर काढू नका’ यात मोलाचा वेळ जातो. आषाढात टेंबलाई देवीला पाणी वाहायला माझी ना नाही, आमच्या घरातूनही जातं. पण डागावर काचेचा पेला दाबून बघा. रंग फिका पडला नाही, तर रक्त कातडीत उतरलंय. गल्लीतल्या दवाखान्यात न थांबता कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा रक्तपेढीची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. आणि हो, कांजण्यांच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

कांजण्यांची लस १९७४ पासून जगाला ठाऊक आहे, तरी आपल्या मोफत राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. ऐपत असेल त्यानं खासगीत घ्यायची. त्यावर पुन्हा कधी लिहीन.

सध्या एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी कांजण्यांची बातमी छापाल तेव्हा शेजारी या डागांविषयी चार ओळींची चौकट द्या, मोठ्या टायपात.

– एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, शाहूपुरी, कोल्हापूर